पाण्यापुढचे दोघे, स्टेजवरचे चाळीस

पुण्याहून चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्याला लागलं की भूगाव, भुकूम, पिरंगुटपर्यंत मंगल कार्यालयांच्या आणि लॉन्सच्या कमानी पाठ सोडत नाहीत. पौड मागे टाकून मुळशीच्या जलाशयाशी पोचलं की लग्नाच्या धंद्याचं दुसरं दुकान लागतं. इथे कमान नसते, मांडव नसतो. काठावर एक गाडी उभी असते, तिच्या उघड्या डिकीतून गाऊनचं लांबलचक शेपूट बाहेर आलेलं असतं आणि लग्न ठरलेलं जोडपं सांगितलेल्या कोनात एकमेकांकडे पाहत असतं. या दोन्ही ठिकाणी पुष्कळदा फोटोग्राफर एकच. पाण्याकाठी त्याच्या चौकटीत दोन माणसं असतात, स्टेजवर चाळीस. पहिल्या फोटोवर तो जीव टाकतो, दुसरा उरकतो, आणि गिऱ्हाईकालाही तेच हवं असतं. वीस-पंचवीस वर्षांनी मात्र ही किंमत उलटी होते असं मला वाटतं. सगळे ज्याला कंटाळतात तो ग्रुप फोटो हाच लग्नाचा खरा फोटो, बाकीचं बरंचसं तोंडीलावणं.

आधी पाण्याकाठचा फोटो पाहू. चातुर्मासात मुहूर्त नसतात, कार्यालयं ओस पडलेली असतात आणि नेमका तेव्हाच हा परिसर हिरवागार असतो. भाद्रपदात ताम्हिणीकडच्या उतारांवर सोनकी पिवळी होते, धरण भरलेलं असतं. रिकामा फोटोग्राफर आणि भरलेलं पाणी यांची गाठ पडायला याहून चांगला योग नाही. सकाळचा किंवा दिवस कलतानाचा तासभर उजेड मऊ असतो. तेवढ्यात गाडीच्या दाराआड चादर धरून कपडे बदलायचे. आधी नऊवारी, मग गाऊन, मग पांढरा शर्ट आणि जीन्स. ड्रोन वर जातो आणि दोघं ठिपक्याएवढी होतात. काठावरचा गुराखी चौकटीत येऊ द्यायचा नसतो, विजेची तार आली तर ती नंतर संगणकावर पुसतात. आता हे पाणी अडवलंय ते विजेसाठीच. टाटांच्या जलविद्युत प्रकल्पात आंबेमोहोराची खाचरं बुडणार म्हणून मावळे उठले आणि १९२१ साली, रामनवमीच्या दिवशी, मुळशी सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापटांना लोक ‘सेनापती’ म्हणू लागले ते या लढ्यामुळे. राजेंद्र व्होरांनी आपल्या ग्रंथात त्याला जगातला पहिला धरणविरोधी लढा म्हटलंय. १९२४ पर्यंत लढा विरला, धरण झालं, आणि मुळशीचं पाणी घाटाखाली भिऱ्याला उतरून मुंबईसाठी वीज करू लागलं. पन्नासच्या आसपास गावांना त्याची झळ बसली. त्या गावांतही मांडव घातले जात होते, हळदी लागत होत्या, पंगती उठत होत्या. आजच्या नवरा-नवरीला याचा दोष देण्यात अर्थ नाही. पण त्यांच्या मागे माणसं नाहीत ही निसर्गाची करणी नव्हे.

फोटोतून माणसं वजा करण्याची ही हौस अलीकडची. पूर्वी १२० नंबरच्या रोलवर चौकोनी फोटो निघत ते बारा. यॅशिका किंवा रोलिफ्लेक्स पोटाशी धरायचा, खाली मान घालून काचेत पाहायचं, आणि फ्लॅशचा बल्ब एकदा उडाला की फेकून द्यायचा. म्हणजे प्रत्येक खटक्याला दाम मोजावे लागत. साहजिकच अंतरपाट, मंगळसूत्र, सप्तपदी यांना एकेक फोटो मिळे आणि उरलेला रोल नातलगांवर खर्च होई. माणसं जास्त, फोटो कमी. मग एकेका फोटोत जास्तीत जास्त माणसं बसवायची हा साधा हिशेब. काळ्या जाड पानांच्या, मध्ये जाळीची नक्षी असलेला पातळ कागद घातलेल्या त्या अल्बममध्ये म्हणून गोतावळाच गोतावळा दिसतो. व्हिडिओ आला तेव्हा सनगनच्या झोतात जेवणाऱ्यांचे घास तोंडाशी थबकले. पुढे त्या कॅसेटींवर बुरशी चढली, हा वेगळा विषय. डिजिटल आल्यावर खटका फुकट झाला, फोटो हजारांवर गेले, करिझ्मा अल्बमची पानं पुठ्ठ्यासारखी जाड झाली आणि त्या पानांवर पुन्हा पुन्हा तीच दोन माणसं दिसू लागली.

ग्रुप फोटो काढणं हे निम्मं जमवाजमवीचं काम आहे. माइकवरून पुकारा होतो, ‘मुलीचे मामा-मामी स्टेजवर या.’ मामा येतात; मामी पंगतीत वाढायला असतात, त्यांना ओढून आणायला कोणीतरी धावतं. तोवर काका पुढच्या खुर्चीवर बसून घेतात आणि थोरल्या आत्याला जागा उरत नाही, म्हणून त्यांना उठवावं लागतं. पाकीट अजून द्यायचं राहिलेलं असतं, ते फोटोत येऊ नये म्हणून एक हात पाठीमागे जातो. ‘मागचे दादा, दोघांच्या मधून दिसा. काकू, इकडे बघा. चष्मा चमकतोय, मान थोडी खाली.’ एवढं करून खटका दाबला की कोणाचे तरी डोळे मिटलेले. ऑस्ट्रेलियातल्या पिअर्स बार्न्स आणि निक स्वेन्सन या दोघांनी यावर गणित मांडलं आणि त्याला २००६ चं गमतीचं इग नोबेल पारितोषिक मिळालं. उजेड चांगला असेल आणि माणसं विसाच्या आत असतील तर त्या संख्येला तीनने भागा, तितके फोटो काढा, म्हणजे एकात तरी सगळ्यांचे डोळे उघडे सापडतील, असा त्यांचा आडाखा. पन्नास माणसं झाली की आशा जवळजवळ सोडायची. आपल्याकडची वऱ्हाडं पाहता हे संशोधन पौड रस्त्यावर व्हायला हवं होतं.

ग्रुप फोटोवर पहिला आक्षेप असा की हे फोटो ताठर आणि खोटे असतात. सलग तासभर उभं राहून नवरीच्या गालांना रग लागते, त्यापेक्षा पाण्याकाठचं हसू खरं. त्यात तथ्य आहे. जुन्या अल्बममधल्या नवरीची मान खाली असते आणि तिच्या मनातलं काही कळत नाही. घरच्यांच्या पहाऱ्याबाहेर, आपल्या मर्जीने, आपल्याला हव्या त्या कपड्यांत तिला पहिल्यांदा उभं केलं ते या पाण्याकाठच्या प्री-वेडिंगने. ही मिळकत लहान नाही. पण तो दोघांचा फोटो झाला, लग्नाचा नव्हे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने नोंदणी करणाऱ्यांनाही तीन साक्षीदार आणावे लागतात. लग्न चारचौघांत लागतं, म्हणून त्याच्या फोटोत चारचौघं हवीत. शिवाय ताठरपणालाही अर्थ असतो. कोण खुर्चीवर बसलं, कोण उभं राहिलं, कोणाचा हात कोणाच्या खांद्यावर आहे, जावई मधोमध आहे की कडेला, हे सगळं त्या अवघडलेल्या रांगेत नोंदलं जातं. सहज टिपलेल्या फोटोत भाव सापडतो, नातं सापडेलच असं नाही.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. ग्रुप फोटो तरी कुठे निर्मळ असतो? विधवा काकूला कित्येक घरांत स्टेजवर बोलावतच नाहीत. पुढारी आले की आजोबांना बाजूला सरकावं लागतं. जावयाला दिलेल्या मोटारीच्या किल्लीचाही फोटो निघतो. २०२५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातलं हुंड्यासाठीच्या छळाचं एक प्रकरण गाजलं, त्यानंतर मराठा समाजाच्या बैठकांतून लग्नासाठी आचारसंहिता पुढे आली. तीत पाहुणे मोजकेच, डीजे नको आणि प्री-वेडिंगही नको असं होतं. साधेपणाचा आग्रह रास्त आहे. प्री-वेडिंगवरचा राग मात्र जरा भलत्या ठिकाणी निघाला. पाण्याकाठच्या फोटोने हुंडा मागितला नव्हता, आणि किल्लीचा सोहळा होतो तो स्टेजवरच, सगळ्या नातलगांच्या देखत. पण नेमकं म्हणूनच मला स्टेजवरचा फोटो जास्त मोलाचा वाटतो. जे झालं ते तो लपवत नाही. अल्बमच्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत जी काकू कुठेच दिसत नाही, तिच्याबद्दल एखादी नात कधीतरी विचारतेच. मुळशीच्या पाण्यावर काढलेल्या फोटोला असा प्रश्न विचारता येत नाही, कारण तिथे कोणीच नसणार हे आधीपासून ठरलेलं असतं. आणि पाहुणे खरोखरच शंभर-दीडशेवर आले, तर अख्खं लग्न एका चौकटीत मावेल. डोळे मिटलेले असोत.

एवढी बाजू घेतल्यावर एक कबुली द्यायला हवी. हल्लीच्या ग्रुप फोटोचं नुकसान प्री-वेडिंगने कमी आणि आळसाने जास्त केलंय. अल्बमसाठी फोटो निवडायला बसतात ती नवरा-नवरी. ती आपले फोटो निवडतात आणि ‘फॅमिली’ नावाचं फोल्डर पेन ड्राइव्हवर तसंच पडून राहतं. जुन्या फोटोच्या पाठीवर कोणीतरी पेन्सिलीने डावीकडून उजवीकडे नावं लिहून ठेवलेली असत, कुठे कुठे गावासकट. या फोटोंना लिहायला पाठच नाही. पंगतीतून ओढून आणलेल्या मामी डीएससी ०४१७ मध्ये मागच्या रांगेत उभ्या आहेत, हातात अजून वाढपाचा डाव.