जावरच्या प्राचीन खाणी

जावरच्या प्राचीन खाणी : राजस्थानातील उदयपूर शहराच्या दक्षिणेस सु. ४० किमी. वर, अरवलीच्या डोंगराळ भागात असलेल्या शिसे, जस्त व चांदी यांच्या जुन्या, सोडून दिलेल्या खाणी. तिडी नदीच्या खोऱ्यातील मोचिया मगरा, बलारिया, जावर माला व बरोई या टेकड्यांत त्या पसरलेल्या आहेत (‘मगरा’ म्हणजे टेकडी). परंपरेने जावरची ख्याती चांदीची खाण अशी आहे. तथापि तेथील अवशेषांचे खरे महत्त्व जस्त या धातूच्या इतिहासात आहे. तसेच या खाणी बंद पडल्या त्या धातुक (ज्यापासून धातू मिळवितात ते खनिज) संपल्यामुळे नव्हे. ते खाली विपुल शिल्लक असतानाच त्या ओस पडल्या.

भूविज्ञान : जावरचे खडक अरवली महासंघातील असून ते दीडशे कोटी वर्षांहून अधिक जुने आहेत. उथळ समुद्रात साचलेल्या गाळापासून प्रथम चुनखडक, शेल व वालुकाश्म तयार झाले. पुढे चुनखडकाचे डोलोमाइट झाले, तर दाब व उष्णता यांमुळे शेल व वालुकाश्म यांचे रूपांतरण होऊन फायलाइट व क्वॉर्ट्‌झाइट हे खडक बनले. गिरिजनक हालचालींमुळे या थरांना तीव्र वळ्या पडल्या आणि ठिसूळ डोलोमाइटात भेगा निर्माण झाल्या. धातुके मुख्यत्वे डोलोमाइटातच शिरांच्या व भिंगाकार राशींच्या रूपात आढळतात. त्यांत स्फॅलेराइट (जस्ताचे सल्फाइड), गॅलेना (शिशाचे सल्फाइड) व पायराइट ही प्रमुख खनिजे होत. जस्ताचे प्रमाण शिशापेक्षा जास्त आहे.

गॅलेना हे करड्या रंगाचे, धातूसारखी चमक असलेले व घनाकृती तुकड्यांत फुटणारे खनिज आहे. त्याचे विशिष्ट गुरुत्व सु. ७·५ असल्याने हातात घेताच त्याचा जडपणा जाणवतो. चांदी बहुधा स्वतंत्रपणे न आढळता शिशाच्या धातुकासोबत अल्प प्रमाणात असते. म्हणून प्राचीन काळी चांदीची खाण ही बहुतेक वेळा शिशाचीही खाण असे. जमिनीलगत सल्फाइडांचे ऑक्सिडीभवन होऊन लोहाच्या ऑक्साइडांचा तांबूस, सच्छिद्र थर उरतो. त्यास गॉसन म्हणतात. धातुकाचा शोध घेणाऱ्यांना अशा थराची खूण उपयोगी पडते.

महाराष्ट्रातील परिस्थिती याहून वेगळी आहे. पुणे व आसपासचा प्रदेश दक्षिण ट्रॅपच्या बेसॉल्टाने व्यापलेला असून हे लाव्हाप्रवाह सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे जावरच्या खडकांच्या तुलनेने अगदी अलीकडचे आहेत. त्यांच्या पोकळ्यांत झिओलाइटे, कॅल्साइट व क्वॉर्ट्‌झ आढळतात. पुण्याजवळील वाघोलीच्या दगडखाणींतील निळे कॅव्हन्साइट तर जगभर प्रसिद्ध आहे. मात्र त्यांत शिशाचे किंवा चांदीचे खाणयोग्य साठे नाहीत. सातवाहनांनी शिशाची नाणी मोठ्या प्रमाणात पाडली. त्यांसाठी लागणारे शिसे बेसॉल्टी प्रदेशाबाहेरूनच आणावे लागत असले पाहिजे.

प्राचीन खाणकाम : उदयपूरच्या परिसरात धातुकामाची परंपरा फार जुनी आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजतर्फे ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली १९६१–६२ मध्ये आहाड येथे झालेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन वस्ती व तांबे वितळविल्याचे पुरावे मिळाले. जावरच्या खाणींत सापडलेल्या जुन्या लाकडांचे कार्बन–१४ पद्धतीने केलेले कालनिर्णय इसवी सनापूर्वीच्या शतकांपर्यंत मागे जातात. याच पट्ट्यातील राजपुरा-दरिबा येथे दोन हजार वर्षांहून जुने खाणकाम सु. २६० मी. खोलीपर्यंत पोहोचल्याचे आढळले आहे.

सुरुंगाची दारू उपलब्ध नसताना कठीण खडक फोडण्यासाठी अग्नीचा वापर करीत. खडकालगत लाकडे रचून पेटवीत. तापून तडकलेला खडक नंतर लोखंडी छिन्नी-हातोड्याने काढीत. अशा जागी भिंती गुळगुळीत व गोलाकार झालेल्या दिसतात. धूर, अपुरी हवा व साचणारे पाणी यांमुळे हे काम अत्यंत कष्टाचे व धोक्याचे असे.

शिसे व चांदी : गॅलेना भाजून त्यातील गंधक काढून टाकला व कोळशाबरोबर तापविले म्हणजे शिसे मिळते. हे शिसे सच्छिद्र बशीत हवेच्या झोतात तापविले असता त्याचे मुरदाडशिंगात (शिशाच्या ऑक्साइडात) रूपांतर होते. ते बशीत शोषले जाते किंवा बाजूला काढले जाते आणि ऑक्सिडीभवन न होणारी चांदी मागे उरते. राजस्थानात दरिबा व आगुचा येथे चांदीसाठी खाणकाम मोठ्या प्रमाणावर झाले. जावरच्या धातुकात चांदी त्यामानाने कमी असल्याने तेथे सुरुवातीपासून जस्ताच्या ऑक्साइडासाठीही खाणकाम होत असावे, असे काही तज्ञांचे मत आहे.

जस्ताचे ऊर्ध्वपातन : जस्त मिळविणे शिशापेक्षा पुष्कळच अवघड आहे. त्याच्या ऑक्साइडाचे क्षपण (ऑक्सिजन काढून टाकण्याची क्रिया) होण्यास सु. १,०००° से. किंवा त्याहून अधिक तापमान लागते. परंतु जस्त ९०७° से. लाच उकळते. त्यामुळे उघड्या भट्टीत धातू वाफेच्या रूपाने निघून हवेत पुन्हा ऑक्साइड बनते. जावरच्या कारागिरांनी यावर उपाय शोधला. वांग्याच्या आकाराच्या मातीच्या बंद मुशीत भाजलेले धातुक, कोळसा व इतर द्रव्ये भरून तिच्या तोंडाला मातीची नळी बसवीत. अशा ३६ मुशी भट्टीतील सच्छिद्र फरशीवर उलट्या ठेवीत. अग्नी वरच्या कप्प्यात असे, तर नळ्या खालच्या थंड कप्प्यात उतरत. वाफ खाली येऊन तेथे द्रवरूप जस्त गोळा होई. *रसरत्नसमुच्चय* या संस्कृत ग्रंथातही वांग्याच्या आकाराच्या मुशीचा वापर करून जस्त काढण्याचे वर्णन आहे. इंग्लंडमध्ये विल्यम चँपियन यांनी १७३८ मध्ये एकस्व (पेटंट) घेतलेली पद्धतीही वाफ खाली उतरविण्याच्या याच तत्त्वावर आधारलेली होती.

उत्कर्ष व ऱ्हास : मेवाडचे राणा लाखा (कारकीर्द सु. १३८२–१४२१) यांच्या काळात ही खाण सापडली, अशी परंपरा आहे. लाकडांच्या कालनिर्णयांवरून तो शोध नसून पुनरुज्जीवन असावे, असे दिसते. पुढील शतकांत येथे मोठी वस्ती झाली. राणा कुंभ यांची कन्या रमाबाई यांनी पंधराव्या शतकाच्या अखेरीस येथे मंदिर व कुंड बांधविले.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मेवाडात वारसाकलह माजला. १७६९ मध्ये महादजी शिंदे यांनी उदयपूरला वेढा घातला आणि तहातील रकमेपोटी जावद, जीरण, नीमच इ. परगणे शिंद्यांकडे गहाण पडले (यांपैकी जावद हे माळव्याच्या सीमेवरील निराळे ठिकाण असून त्याचा जावरशी संबंध नाही). खोल खाण चालू ठेवण्यास पाण्याचा अखंड उपसा, लाकडी आधार, इंधन व कुशल मजूर लागतात. यांपैकी एकही गोष्ट अस्थिर राज्यात दीर्घकाळ टिकत नाही. १८१२–१३ च्या दुष्काळात उरलेले कामही थांबले, असे मानतात. कर्नल जेम्स टॉड यांनी त्यानंतर थोड्याच वर्षांनी मेवाडचा वृत्तांत लिहिला. त्यांनी जावरच्या धातूचा उल्लेख कथील म्हणून केला आहे. कारागीर पांगले म्हणजे त्यांच्या विद्येचे नावही किती लवकर विसरले जाते, याचे हे बोलके उदाहरण होय.

पुनरारंभ व अवशेष : १९४० नंतरच्या दशकात मेटल कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या कंपनीने जावर येथे आधुनिक खाणकाम सुरू केले. १९६५ मध्ये शासनाने ती ताब्यात घेतली व १९६६ मध्ये हिंदुस्थान झिंक लिमिटेड या कंपनीची स्थापना झाली. २००२ पासून या कंपनीचे नियंत्रण खाजगी उद्योगसमूहाकडे आहे. जुन्या खोदकामांच्या आसपास व खाली आजही धातुक काढले जाते. १९८० नंतरच्या काही वर्षांत ब्रिटिश म्यूझीयम, बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ व हिंदुस्थान झिंक यांनी संयुक्तपणे संशोधन केले. त्यात मुशींसह भट्ट्या जागच्या जागी उघडकीस आल्या आणि जस्ताचे उत्पादन येथे औद्योगिक प्रमाणावर होत असल्याचे सिद्ध झाले.

वापरलेल्या मुशींचे प्रचंड ढीग आजही जावर येथे दिसतात. स्थानिक लोकांनी त्या मुशी घरांच्या व कुंपणांच्या भिंतींत विटांप्रमाणे वापरल्या आहेत. या उद्योगाची माहिती लिखित साधनांत तुटपुंजी असल्याने हे ढीग व भट्ट्या हेच तिचे मुख्य साधन आहे. चालू खाणीच्या परिसरात ते हलविले किंवा गाडले गेल्यास ती माहिती पुन्हा मिळविता येणार नाही. यास्तव त्यांचे जतन करणे अगत्याचे आहे.