बाथरूममध्ये बारा दिवसांत वर्षाचा पाऊस

नांदूरघाटात घर बांधणाऱ्याला 'टाईलच्या आधी बाथरूमच्या भिंतींचं वॉटरप्रूफिंग करून घ्या' म्हटलं, की पहिलं उत्तर ठरलेलं: "आपल्याकडं पाऊसच कुठंय?" केज तालुक्यात हे उत्तर हसण्यावारी नेता येत नाही. याच तालुक्यातल्या धनेगावचं मांजरा धरण आटलं आणि 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. टँकरची वाट बघण्यात उन्हाळा काढणाऱ्याला पाणी अडवण्याचा खर्च उधळपट्टी वाटला तर नवल नाही.

पण हिशेब करून बघा. पाच माणसांचं घर, माणशी एक मोठी बादली, म्हणजे दिवसाला शंभर लिटर. बाथरूम चार बाय पाच फुटांचं, म्हणजे 1.86 चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी पडलं की तो एक मिलिमीटर पाऊस. या मापानं त्या खोलीत रोज 54 मिलिमीटर पडतो. बीड जिल्ह्याची वर्षाची सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास. गावात वर्षभरात जेवढा पडतो तेवढा बाथरूममध्ये बारा दिवसांत पडून जातो आणि तेराव्या दिवशी पुन्हा सुरू होतो. गच्चीला निदान पावसाळ्यानंतर ऊन मिळतं, या भिंतींना तेही नाही.

"आज्या-पणज्याला कुठं लागलं होतं वॉटरप्रूफिंग?" खरंच नव्हतं लागलं. माळवदाच्या घरात न्हाणी बहुधा परसात नाहीतर अंगणाच्या कोपऱ्यात असायची, पुष्कळदा वर नुसतं आभाळ. खाली शहाबादी फरशी, आडोशाला दगडाची भिंत, आणि मोरीचं पाणी केळीच्या नाहीतर अळूच्या बुडाशी. भिंत सकाळी भिजायची, दुपारपर्यंत वाळायची. आता घरकुलाचं किमान क्षेत्रच 25 चौरस मीटर, म्हणजे जेमतेम 269 चौरस फूट. तेवढ्या जागेत बाथरूम आत घेतलं की त्याची एक भिंत स्वयंपाकघराची तरी होते, नाहीतर कपाटामागची. न्हाणी घरात आली, ऊन बाहेरच राहिलं.

सगळ्यात पक्का गैरसमज टाईलबद्दलचा आहे. टाईल चकचकीत, पुसली की कोरडी, म्हणजे तिच्यामागची भिंतही कोरडी, असं डोळ्याला वाटतं. पाणी अडवते ती वरची काचेसारखी झिलई. खालचं अंग वेगळं असतं. भिंतीला लावायच्या नेहमीच्या सिरॅमिक टाईल ज्या वर्गात मोडतात, तो वर्ग आंतरराष्ट्रीय मानकानुसार स्वतःच्या वजनाच्या 10 टक्क्यांहून जास्त पाणी पिणारा आहे. व्हिट्रिफाइड टाईल अर्धा टक्का किंवा त्याहून कमी पिते. खात्री करायची तर दुकानातच टाईल उलटी धरून पाठीवर पाण्याचे चार थेंब टाका आणि किती वेळात जिरतात ते बघा.

तरी टाईलपेक्षा सांधाच जास्त पाणी आत सोडतो. सांध्यात भरलेलं व्हाइट सिमेंट किंवा साधं ग्राउट हे सिमेंटच, त्यामुळे ते पाणी शोषतं, आणि वर्षा-दोन वर्षांत केसासारख्या भेगा पडल्या की वाट मोकळी. यावर लोकांनी काढलेला उपाय म्हणजे सांधाच नको, टाईलला टाईल चिकटवून बसवा. दिसायला सुरेख! पण त्या फटीत ग्राउट शिरत नाही आणि पाणी मात्र शिरतं. दोन-तीन मिलिमीटरचे स्पेसर लावून सांधा मुद्दाम ठेवावा आणि नीट भरावा. एपॉक्सी ग्राउट महाग आहे आणि पाणी खूपच कमी शोषतं, तरी तेही भिंतीवरच्या लेपाची जागा घेत नाही.

"गिलाव्यात औषध टाकलंय की." हे वाक्य मिस्त्री मनापासून म्हणतात, आणि औषध टाकलेलंही असतं. सिमेंटच्या मालात मिसळायच्या या द्रवासाठी किंवा पावडरसाठी आयएस 2645 हे भारतीय मानक आहे. बहुतेक द्रवांचं प्रमाण 50 किलोच्या गोणीला 100 ते 200 मिलिलिटर असतं. अर्धा लिटर ओतला म्हणजे काम अडीचपट पक्कं होत नाही. उलट सिमेंट सेट व्हायला उशीर लागून गिलावा कच्चा राहू शकतो. औषधानं गिलाव्याची छिद्रं कमी होतात, एवढंच. गिलाव्याला तडा गेला तर ते तडा सांधू शकत नाही.

आणि आपल्याकडं तडे जातात. बालाघाटाच्या या पट्ट्यात कुठं पायाखाली मुरूम लागतो, कुठं काळी माती. मुरमावरचं घर तसं शांत बसतं. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून हातभर भेगाळते, आणि पाया खोल गेला नसेल तर भिंतही तिच्याबरोबर हलते. अशा भिंतीवर नुसता सिमेंटचा घोळ मारला तर भिंतीबरोबर तोही तडकतो. इथं लवचीक लेप हवा: सिमेंटची पावडर आणि पॉलिमरचं दूध एकत्र कालवून ब्रशनं लावायचा, दोन हात, एक आडवा आणि एक उभा. जमीन आणि भिंत जिथं भेटतात त्या कोपऱ्यात आधी मालाची गोलाई, म्हणजे मिस्त्री ज्याला वाटा म्हणतात ती, करून घ्यावी, आणि लेपात फायबरची जाळीची पट्टी दाबावी. पाइपसाठी मारलेल्या झिऱ्या भरल्यावर त्यांच्यावरही तशीच पट्टी. कॉकच्या तोंडाभोवती आणि नहाणी ट्रॅपच्या कडेला हात आखडू नये. भिंत फुगते ती बहुधा याच दोन जागांपासून.

आता मिस्त्रीची हरकत: "त्या लेपावर टाईल धरत नाही, सुटून पडते." ही हरकत पूर्ण खोटी नाही. गुळगुळीत लेपावर सिमेंटच्या घोळानं टाईल लावली तर ती खरंच सुटू शकते. म्हणून लेपाचा शेवटचा हात ओला असतानाच त्यावर चाळलेली जाड वाळू उडवायची, वाळल्यावर भिंत खरखरीत लागते. नाहीतर टाईल अ‍ॅडहेसिव्ह वापरायचं. आयएस 15477 त्याचंच मानक. ते दातेरी थापीनं टाईलच्या पूर्ण पाठीला लावायचं. मालाचे पाच गोळे ठेवून टाईल दाबायची पद्धत अजून चालते, पण गोळ्यांच्या मधल्या पोकळीत शिरलेलं पाणी तिथंच मुक्काम ठोकतं. मिस्त्रीशी वाद घालण्यापेक्षा अ‍ॅडहेसिव्हची गोणी आणून ठेवणं सोपं.

उंचीबद्दल मात्र थोडक्यात भागतं. पाटावर बसून तांब्यानं अंघोळ असेल तर शिंतोडे तीन-चार फुटांपर्यंत, शॉवर असेल तर सहा-सात फुटांपर्यंत. ओल्या बाजूला तेवढा, बाकीच्या भिंतींना जमिनीपासून निदान फूटभर, आणि जमीन पूर्ण. लेप किती लागेल ते विचारत बसू नका: चार बाय पाचच्या खोलीला सात फुटांपर्यंत चारही भिंती धरल्या तर दार वजा जाता साधारण 110 चौरस फूट, जमिनीचे 20. डब्यावर लिहिलेल्या मापानं भागायचं.

"लोणा बोअरच्या पाण्यामुळं, त्याला काय करणार?" बोअरच्या पाण्यात क्षार असतात हे खरं, आणि त्यानं माल कालवला तर ते भिंतीत उतरतातही. पण क्षार भिंतीत नुसते पडून असतील तर फुलत नाहीत. पाणी त्यांना विरघळवून पृष्ठभागावर आणतं, ते वाळतं, मग पांढरा फुलोरा येतो आणि रंगाचे पोपडे निघतात. म्हणून भिंतीच्या कोरड्या बाजूनं वॉटरप्रूफ रंग मारणं फुकट जातं. मागून येणारं पाणी आणि क्षार त्या रंगालाच ढकलून काढतात. ओल कुठून येते हे जागेवरून बरंचसं कळतं. घरभर सगळ्या भिंतींना जमिनीपासून साधारण हात-दोन हात सारखी चढली असेल तर ती पायातून आलेली. फक्त बाथरूमच्या पाठीमागं, कॉकच्या उंचीला डाग असेल तर पाइप तपासा, आणि ते टाईल बसण्याआधी, झिऱ्या उघड्या असताना, पाइपमध्ये दाबानं पाणी भरून.

लेप वाळल्यावर ट्रॅप बंद करून जमिनीत दोन-तीन इंच पाणी 24 ते 48 तास भरून ठेवतात. टंचाईत शे-सव्वाशे लिटर पाणी असं ठेवणं जिवावर येतं. नंतर तेच उपसून बाहेरच्या गिलाव्यावर मारता येतं. फक्त हे लक्षात असू द्या की ही परीक्षा जमिनीची आणि खालच्या कोपऱ्यांची आहे. भिंतीची परीक्षा पाणी भरून होत नाही, तिथं लेप लावताना समोर उभं राहून कुठं पातळ राहिला ते बघावं लागतं.

टाईल बसून गेल्या असतील आणि पलीकडं डाग उमटला असेल, तर आधी सांधे खरवडून एपॉक्सी भरा, कोपऱ्यात आणि कॉकच्या कडेला सिलिकॉन लावा, आणि पलीकडच्या बाजूचे पोपडे काढून भिंत महिनाभर उघडी वाळू द्या. टाईलवर मूठ ठोकून बघा. चार-दोन ठिकाणी पोकळ आवाज आला तर तेवढ्या टाईल बदलून भागतं. खालच्या दोन ओळी सगळ्याच पोकळ वाजत असतील तर आतला गिलावा सुटलेला असतो. मग तेवढ्या ओळी काढून, नवा गिलावा करून, लेपापासून सुरुवात करावी लागते.