लहान मुलांची झोप

लहान मुलांची झोप म्हणजे साधारणतः १ ते ३ वर्षे वयाच्या बालकांची रात्रीची व दिवसाची निद्रा. या वयात मूल दिवसाचा जवळपास निम्मा काळ झोपते. शारीरिक वाढ, स्मरण, भाषा आणि भावनिक स्थैर्य यांच्याशी झोपेचा निकटचा संबंध आहे. मुलाची झोप घराचा दिनक्रम, निवारा आणि पालकांचे काम यांवर अवलंबून असते. तसेच मुलाची झोप मोडली की पालकांचीही मोडते. त्यामुळे हा विषय संपूर्ण कुटुंबाच्या आरोग्याचा मानला जातो.

कालावधी

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांनुसार १ ते २ वर्षे वयाच्या मुलांना २४ तासांत ११ ते १४ तास, तर ३ ते ४ वर्षे वयाच्या मुलांना १० ते १३ तास झोप आवश्यक असते. यात दुपारची झोपही धरली आहे. दीड वर्षाच्या सुमारास बहुतेक मुले दिवसा दोनदा झोपण्याऐवजी एकदाच झोपू लागतात. प्रौढांना किमान ७ तास झोप लागते.

स्वरूप व कार्य

झोपेचे नियमन मुख्यतः दोन गोष्टींनी होते. पहिली म्हणजे जागेपणी हळूहळू वाढत जाणारी झोपेची गरज आणि दुसरी म्हणजे उजेड-अंधारानुसार चालणारे जैविक घड्याळ. अंधार पडल्यावर मेंदूत मेलाटोनिन हे संप्रेरक स्रवू लागते. प्रखर प्रकाशाने हा स्राव कमी होतो. गाढ झोपेत वाढीच्या संप्रेरकाचा स्राव वाढतो. दिवसभरात ऐकलेले शब्द व शिकलेल्या कृती स्मरणात पक्क्या होण्यासही झोपेची मदत होते. अपुरी झोप झालेले मूल प्रौढासारखे पेंगतेच असे नाही. पुष्कळदा ते चिडचिड करते, हट्ट धरते किंवा अधिकच चंचल होते.

पालकांवरील परिणाम

रात्री वारंवार जाग येणाऱ्या पालकांची एकाग्रता व सहनशीलता घटते आणि कामात चुका व अपघात होण्याचा धोका वाढतो. प्रसूतीनंतरच्या नैराश्याशीही अपुऱ्या झोपेचा संबंध आढळतो. स्तनपान आणि घरकामाची विषम वाटणी यांमुळे हा भार बहुधा आईवर अधिक पडतो.

ग्रामीण जीवन व केळापूर

यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्यात (मुख्यालय पांढरकवडा) कापूस हे प्रमुख पीक आहे. कापूस वेचणीचे काम मोठ्या प्रमाणावर स्त्रिया करतात. घरी सांभाळणारे कोणी नसल्यास लहान मुलाला शेतावर न्यावे लागते आणि झाडाला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत त्याची दुपारची झोप होते. झोप लागताना शरीराचे तापमान किंचित उतरावे लागते. विदर्भात उन्हाळ्यात दुपारचे तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाते; पत्र्याच्या छपराची घरे रात्री उशिरापर्यंत तापलेली राहतात. त्यात वीज गेली किंवा डास झाले की मुलासह सर्व घर जागे राहते. अंगणात किंवा गच्चीवर झोपण्याच्या प्रथेमागे हेच कारण आहे.

गिरणी कामगार व बाळागोळी

कामाच्या तासांचा मुलांच्या झोपेवर कसा परिणाम होतो, याचे ठळक उदाहरण मुंबईच्या गिरण्यांत दिसते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक कामगार स्त्रिया कामावर जाताना तान्ह्या मुलांना अफूयुक्त ‘बाळागोळी’ देत, जेणेकरून ती झोपून राहावीत. १९३१ मध्ये अहवाल देणाऱ्या शाही श्रम आयोगाने या प्रथेची दखल घेतली. गुंगी ही नैसर्गिक झोप नसते. अफूमुळे बालकाची भूक व श्वसन मंदावते. पुढे कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये पाळणाघराची तरतूद झाली. शेतीकाम मात्र या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिले. २००५ च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्यात, कामावरील स्त्रियांसोबत सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असल्यास त्यांना सांभाळण्यासाठी एका स्त्रीची नेमणूक करण्याची तरतूद होती.

शाळेची वेळ

डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राचे तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांची झोप पूर्ण व्हावी यासाठी शाळेच्या वेळा बदलण्याची सूचना केली. त्यानंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवण्याचा निर्णय घेतला.

चांगल्या झोपेसाठी उपाय

झोपण्याची व उठण्याची वेळ शक्यतो रोज तीच ठेवावी. जेवण, हातपाय धुणे, मंद उजेड आणि गोष्ट किंवा अंगाई असा ठरलेला क्रम मुलाला झोपेची सूचना देतो. झोपण्यापूर्वी मोबाइल व दूरचित्रवाणी टाळावी. मच्छरदाणी वापरावी आणि खोलीत हवा खेळती ठेवावी. रात्रीचे उठणे घरातील मोठ्यांनी वाटून घेतल्यास आईला सलग झोप मिळते. झोप यावी म्हणून खोकल्याचे किंवा गुंगीचे औषध वैद्यकीय सल्ल्याविना देऊ नये. मूल नेहमी घोरत असल्यास अथवा झोपेत त्याचा श्वास अडखळत असल्यास डॉक्टरांकडून तपासणी करून घेणे आवश्यक असते.