सोनागाची : आरोग्याचा सल्ला शेजारणीकडून

समाजापासून तुटलेली व्यक्ती आजारी पडल्यास सल्ला कोणाकडे मागते? या प्रश्नाचे एक उत्तर कोलकात्यातील सोनागाची वस्तीत सापडते.

देहविक्रय करणाऱ्या महिलांची ही वस्ती शहराच्या उत्तर भागात आहे. माहेर-सासर दुरावलेले आणि सरकारी रुग्णालयात ओळख उघड होण्याची धास्ती, अशा स्थितीत आजाराविषयी विचारण्याची ठिकाणे मोजकीच उरतात : कोठीची मालकीण, औषधाचे दुकान किंवा पदवी नसलेला डॉक्टर.

१९९२ मध्ये अखिल भारतीय स्वच्छता व सार्वजनिक आरोग्य संस्थेने डॉ. स्मरजित जाना यांच्या नेतृत्वाखाली येथे लैंगिक आजार व एचआयव्ही प्रतिबंधक प्रकल्प सुरू केला. माहिती देण्याचे काम बाहेरच्या कार्यकर्त्यांऐवजी प्रशिक्षण दिलेल्या वस्तीतील महिलांकडेच सोपवण्यात आले. त्या घरोघरी जाऊन आजारांची लक्षणे समजावून सांगत, कंडोम देत आणि महिलांना दवाखान्यात येण्यास सांगत. सांगणारी आपल्यातलीच असल्याने संकोच कमी झाला.

केवळ माहिती अपुरी

मात्र, धोका कळला तरी तो टाळणे प्रत्येकीला शक्य नव्हते. एकीने कंडोमचा आग्रह धरला, तर गिऱ्हाईक शेजारच्या खोलीत जाई. डोक्यावर सावकाराचे कर्ज असलेल्या महिलेला असा नकार परवडत नसे. त्यासाठी सर्वजणींनी एकत्र येणे आवश्यक होते. १९९५ मध्ये दुर्बार महिला समन्वय समिती स्थापन झाली. त्याच वर्षी उभ्या राहिलेल्या 'उषा' सहकारी संस्थेमुळे बचत आणि कर्जाची सोय झाली. कंडोमच्या वापरात मोठी वाढ झाली. एचआयव्हीचे प्रमाणही मुंबईतील अशा वस्त्यांच्या तुलनेत बरेच कमी राहिले.

महाराष्ट्रात सांगलीच्या 'संग्राम' संस्थेनेही हाच मार्ग धरला. तेथील महिलांची 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' १९९६ मध्ये स्थापन झाली. पुढे राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमातही वस्तीतील महिलांमार्फत माहिती देण्याच्या पद्धतीला स्थान मिळाले.

डॉ. जाना यांचे मे २०२१ मध्ये कोरोनामुळे निधन झाले. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या देहविक्रय करणाऱ्या महिलांना तातडीने वैद्यकीय मदत देण्याचे निर्देश दिले. हा हक्क आपल्याला आहे, हे त्या महिलेला कळणे ही त्याच्या अंमलबजावणीची पहिली पायरी आहे. ते सांगण्यासाठी तिचा विश्वास असलेली व्यक्ती तिच्या दारापर्यंत पोहोचावी लागते.