पूर्वजांचा दाखला

आपल्याकडे सोयरीक जुळविताना 'घराणे कोठले, मूळ गाव कोणते' हे हटकून विचारतात, आणि ज्यांच्या घरी छापील कुलवृत्तांत असतो त्यांची मान थोडी ताठच असते. सर्व माणसे जन्मतः समान आहेत असे १७७६ च्या जाहीरनाम्यात लिहून ठेवणाऱ्या अमेरिकेत तरी ही चौकशी नसेल, अशी आमची समजूत होती. ती भाबडी ठरली. तेथे असा दाखला मागणाऱ्या रीतसर संस्था आहेत, आणि त्यांतील काही केवळ स्त्रियांच्या आहेत.

'नॅशनल सोसायटी ऑफ द कोलोनिअल डेम्स ऑफ अमेरिका' ही त्यांपैकी एक. ती १८९१ साली निघाली. (आदल्याच वर्षी न्यूयॉर्कला जवळजवळ याच नावाची दुसरी संस्था निघाली होती; वाचकांनी गल्लत करू नये.) सभासद होण्यास नुसती इच्छा पुरत नाही. निमंत्रण यावे लागते. शिवाय वसाहतीच्या काळात येऊन राहिलेल्या व काही सार्वजनिक सेवा केलेल्या एखाद्या पूर्वजापर्यंत आपली वंशरेषा पिढीमागून पिढी कागदांनी सिद्ध करावी लागते. बाप्तिस्म्याची नोंद, मृत्युपत्र, जमिनीचा दस्त, यांतला एक दुवा निखळला की दार बंद!

तो काळ दक्षिण आणि पूर्व युरोपातून माणसांचे लोंढे येण्याचा होता. नव्या गर्दीत जुन्या घराण्यांना आपले जुनेपण आठवावे, यात नवल नाही. पण यास केवळ मिरवणे म्हणून हसणे न्यायाचे होणार नाही. या बायकांनी काम केले आहे. १६०७ साली इंग्रजांनी जेथे वस्ती केली त्या जेम्सटाऊनला जुन्या चर्चचा विटांचा मनोरा तेवढा उभा होता. त्याला लागून, जुन्या पायावर, त्यांनी १९०७ साली स्मारक-चर्च बांधले. वॉशिंग्टनमधील डंबार्टन हाऊसची कथा तर गमतीचीच आहे. रस्त्याच्या आड आले म्हणून १९१५ साली ते अख्खे घर उचलून बाजूला सरकविण्यात आले होते! ते संस्थेने १९२८ साली घेतले, आणि आज कोणीही तिकडे जाऊन पाहू शकतो.

मात्र आमच्या मनात एक शल्य राहते. 'मेफ्लॉवर' जहाज १६२० साली आले, हे तिकडच्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. त्याच्या आदल्या वर्षी, १६१९ साली, व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर बंदिवान आफ्रिकनांची पहिली तुकडी उतरविली गेली. जुनेपणच पाहावयाचे तर यांच्या वंशजांहून जुने किती जण निघतील? पण पुरावा हवा ना! १६२५ च्या शिरगणतीत अँटनी, इसाबेला आणि त्यांचे बाप्तिस्मा झालेले मूल विल्यम अशी नावे सापडतात. पुष्कळांच्या वाट्याला तेवढेही आले नाही. १८५० आणि १८६० च्या खानेसुमारीत गुलामांची वेगळी यादी होती. तीत नाव मालकाचे. गुलामाचे वय, लिंग आणि वर्ण एवढेच. सर्व मुक्त झालेल्यांची नावे प्रथम आली ती १८७० साली. त्यामागे शोधू गेले तर भिंत लागते.

क्रांतिकाळातील पूर्वजांच्या मुलींची संस्था, 'डॉटर्स ऑफ द अमेरिकन रिव्होल्यूशन', हिची गोष्ट प्रसिद्धच आहे. १९३९ साली तिने मरियन अँडरसन या कृष्णवर्णीय गायिकेस आपले सभागृह नाकारले. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी सभासदत्वाचा राजीनामा दिला, आणि गाणे लिंकनच्या स्मारकापुढे, उघड्यावर, हजारोंच्या समोर झाले. त्याच संस्थेत पुढे १९७७ साली एक कृष्णवर्णीय स्त्री सभासद झाली. नोंदीत असलेली ती पहिलीच. तिने सिद्ध केलेला पूर्वज गोरा शिपाई होता; कागद त्याचेच उरले होते.