दुपारी दीडनंतरचा धूर

ऑक्टोबर आला की पंजाब-हरियाणातल्या भाताच्या शेतांत कम्बाइन हार्वेस्टर फिरू लागतात. यंत्र दाणे घेऊन पुढे जातं आणि मागे उभे खुंट व विस्कटलेला पेंढा उरतो. हीच ती पराली. भूजल वाचवायला पंजाबने 2009 साली कायदा करून 10 जूनआधीच्या भातलावणीवर बंदी घातली, त्यामुळे कापणी लांबली. गव्हाच्या पेरणीला जेमतेम दोन-तीन आठवडे उरतात. मजूर आणि यंत्रं, दोन्ही महाग. अशा वेळी शेतकरी काडी ओढतो, त्याचा सगळा दोष त्याच्या माथी मारणं मला पटत नाही.

ही आग सुमारे 830 किलोमीटर उंचीवरून दिसते. 'सुओमी एनपीपी' उपग्रहावरचा 'व्हीआयआयआरएस' कॅमेरा जमीन 375 मीटरच्या चौकोनांत पाहतो. म्हणजे एकेक चौकोन पस्तीसेक एकरांचा. त्यात एखादंच शेत पेटलेलं असलं तरी चालतं, कारण काहीशे अंश तापलेली ज्वाळा 4 मायक्रॉनच्या आसपासच्या अवरक्त किरणांत प्रखर असते, आणि नुसती उन्हाने तापलेली जमीन तिथे फिकी पडते. विरळ धुरातून हे किरण आरपार जातात, ढगातून मात्र नाही. धुराची मोजणी वेगळी. हवेतले कण सूर्यप्रकाश किती अडवतात यावरून त्याची दाटी ठरते. युरोपच्या 'सेंटिनेल-5पी'वरचं 'ट्रोपोमी' उपकरण कार्बन मोनॉक्साइड टिपतं. वायव्येचा वारा असेल तर धुराचा पट्टा दिल्लीकडे सरकताना दिसतो.

घोळ वेळेचा आहे. आगी मोजणारा 'सुओमी एनपीपी' दिवसा दीडच्या सुमारास डोक्यावरून जातो. त्यानंतर पेटलेलं आणि रात्रीच्या फेरीआधी विझलेलं शेत त्याच्या मोजणीत येतच नाही. उपग्रहाच्या नकाशावरचे आगीचे ठिपके घटत होते, हवेतले कण मात्र त्या प्रमाणात घटत नव्हते. ही विसंगती नासाशी संबंधित शास्त्रज्ञ हिरेन जेठवा यांनी 2024 मध्ये मांडली. त्यांनी दक्षिण कोरियाच्या 'जीके-2ए' या भूस्थिर उपग्रहाची दर दहा मिनिटांची चित्रं तपासली, तेव्हा आगी दुपार कलल्यावर लागत असल्याचं दिसलं. या उपग्रहाची नजर ढोबळ आहे, लहान आगी तिच्यातून निसटतात. पण ती दिवसभर हलत नाही. संध्याकाळी हवेचा खालचा थर आक्रसतो, त्यामुळे त्या वेळचा धूर वर पसरत नाही, जमिनीलगत साचतो. उशिरा लागलेली आग म्हणूनच जास्त घातक.

जळून काळं पडलेलं क्षेत्र 'सेंटिनेल-2' उपग्रहाच्या 10 ते 20 मीटरच्या चित्रांत मोजता येतं, पण लगेच नांगर फिरला तर तीही खूण पुसली जाते. एकट्या कुठल्याच उपग्रहावर भागत नाही.

'पराली जाळणं निम्म्यावर आलं' अशी बातमी वाचाल तेव्हा ती मोजणी किती वाजताची आहे आणि जळालेलं क्षेत्र किती, हे दोन प्रश्न जरूर विचारा.