समोर कोण, भिडू की वैरी?

घरात मुले दोन आणि व्हिडिओ गेमचे यंत्र एक, म्हणजे भांडण ठरलेलेच. परवा आमच्याकडे धाकटीने जुना ‘मारिओ ब्रदर्स’ लावला आणि ‘दोन खेळाडू’ निवडले. दादा मदतीला येणार अशी तिची समजूत. दादाने खालून जमिनीला असा धक्का दिला की ती थेट कासवाच्या अंगावर! रडारड झाली. दादा म्हणाला, “चालतं यात.” आणि खरेच चालते.

वाचकहो, दोष दादाचा नाही, नावाचा आहे. हा १९८३ चा खेळ क्योतोच्या निंटेंडो कंपनीचा. ही कंपनी १८८९ साली हानाफुदा, म्हणजे फुलांच्या चित्रांचे पत्ते, करण्यासाठी निघाली. पत्ते खेळताना समोर कोण आणि भिडू कोण हे बैठकीवरूनच कळते. पडद्यापुढे मात्र सारेच एका बाजूला बसतात. तिथे नावानेच सांगावे लागते.

निंटेंडोने तेव्हा नुसती डोकी मोजली. ‘बेसबॉल’मध्ये (१९८३) दोन खेळाडू म्हणजे परस्परांचे प्रतिस्पर्धी. ‘टेनिस’मध्ये (१९८४) तेच दोघे एका बाजूला आणि पलीकडे यंत्र. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये (१९८५) तर आळीपाळीने खेळायचे, एकाने खेळावे, दुसऱ्याने जांभया द्याव्यात. पाटी एकच, नाती तीन!

जपानीत याला चांगले शब्द आहेत: ‘ताइसेन’ म्हणजे सामना, ‘क्योऱ्योकु’ म्हणजे सहकार्य. इंग्रजीत पुढे खेळाडूविरुद्ध खेळाडू आणि खेळाडूविरुद्ध ‘एन्व्हायर्नमेंट’ अशी नावे रूढ झाली. यातल्या दुसऱ्याचे शब्दशः मराठी केले, तर गडी कुऱ्हाड घेऊन जंगल तोडायला निघाला असेच वाटेल! तिथे अर्थ एवढाच, की शत्रू यंत्राने चालवलेले. निंटेंडोच्या ‘स्प्लॅटून २’मध्ये (२०१७) चौघांनी मिळून यंत्राच्या माशांशी लढायचे असते, त्याला तिथे चक्क अर्धवेळ नोकरी म्हणतात. हे आम्हाला आवडले. नोकरीत निदान सोबती कोण ते तरी कळते.

आपल्याकडे तर ‘भिडू’ हा शब्द तयारच आहे. आता आमच्या टीव्हीखाली तीन चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत: ‘भिडू’, ‘सामना’, ‘आळीपाळी’. ‘मारिओ ब्रदर्स’ कोणत्या चिठ्ठीखाली ठेवायचा, यावर मात्र दोघांचे अजून एकमत झालेले नाही. चौथी चिठ्ठी, ‘एकटी’, काल धाकटीने स्वतः लिहून लावली.